शेवटच्या भट्ट्या उपाशी का?

प्रश्न : ‘फॅक्टोरियो’ या कारखाने उभारण्याच्या गेममध्ये एकाच पिवळ्या पट्ट्यावर अर्ध्या बाजूला कोळसा, अर्ध्या बाजूला लोहखनिज सोडून ४८ दगडी भट्ट्या लावल्या. मागच्या निम्म्या बंदच असतात. जागाही कमी आहे. काय करू?
– एक वाचक, वटार

उत्तर : वाडीत पाटावर वाफे जास्त झाले की शेवटचा कोरडाच राहतो, तसंच हे. पिवळा पट्टा सेकंदाला १५ नग वाहतो; तुमचं खनिज अर्ध्याच बाजूने, म्हणजे ७.५. दगडी भट्टीला एका पत्र्यासाठी ३.२ सेकंद लागतात, त्यामुळे २४ भट्ट्यांतच खनिज संपतं. उरलेल्या खुशाल काढा. पोलादी भट्टी हाती आली की बाराच पुरतील. तीही २ बाय २च्याच जागेत बसते, कोळसा तेवढाच खाते, वेग मात्र दुप्पट. विजेच्या भट्टीचा मोह तूर्त आवरा. तिला ३ बाय ३ जागा लागते आणि वेग पोलादीइतकाच.