वाचलेले लेकरू : एक नेमत, एक अमानत





घरातील एखाद्या मुलाला कर्करोगासारखा आजार जडतो, तेव्हा सारे कुटुंब एकाच दुआवर जगते : "या अल्लाह, आमचे लेकरू वाचव." पुष्कळ घरांत ही दुआ कबूल होते. मुंबईतील उपचार संपतात, मूल जळगाव किंवा धुळ्याला परत येते, मोहल्ल्यात मिठाई वाटली जाते, आई-वडील शुकरान्याची नमाज अदा करतात. त्यानंतर भेटायला येणाऱ्यांची वर्दळ कमी होत जाते आणि घराच्या लक्षात येते की, मूल वाचले आहे, परंतु पूर्वीसारखे राहिलेले नाही. कोणाचा एक डोळा गेला आहे, कोणाचा पाय कापावा लागला आहे, कोणाला ऐकू कमी येते, तर कोणाला पाठांतर पूर्वीसारखे जमत नाही.

आजच्या धड्यात आपण या नंतरच्या काळाचा विचार करू. अशा मुलाच्या बाबतीत इस्लाम आई-वडिलांकडून, भावंडांकडून आणि मोहल्ल्याकडून काय अपेक्षितो? त्याच्या हक्कासाठी शाळेच्या व कचेरीच्या दारात उभे राहणे ही नशिबाविरुद्ध तक्रार आहे, की इबादत?

आजार संपतो, देखभाल संपत नाही

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ४ लाख बालके व किशोरवयीन मुले कर्करोगाने आजारी पडतात. संपन्न देशांत त्यांपैकी ८० टक्क्यांहून अधिक मुले बरी होतात. गरीब व मध्यम उत्पन्नाच्या अनेक देशांत हे प्रमाण ३० टक्क्यांच्याही खाली आहे. २०३० पर्यंत सर्वत्र किमान ६० टक्के मुले वाचावीत, असे उद्दिष्ट या संघटनेने २०१८ साली ठरविले. म्हणजे येत्या काळात वाचलेली मुले आपल्या वस्त्यांत वाढत जाणार आहेत, इन्शाअल्लाह. आणि त्यांचे पुढील आयुष्य कसे जाईल, हे बहुतांशी आपल्यावर अवलंबून असणार आहे.

ज्या औषधांनी प्राण वाचतात, त्यांपैकी काहींचे परिणाम उशिरा दिसतात. सिस्प्लॅटिन या औषधाने श्रवणशक्ती कमी होऊ शकते. डॉक्सोरुबिसिनसारख्या औषधांचा परिणाम हृदयावर काही वर्षांनंतरही होऊ शकतो. डोक्याला किरणोपचार दिले असतील, तर वाढ, स्मरणशक्ती व शिकण्याची गती यांत फरक पडू शकतो. कृत्रिम पाय मुलाची उंची वाढेल तसा बदलावा लागतो. म्हणूनच मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. पूर्णा कुरकुरे यांच्या पुढाकाराने १९९१ साली, उपचार पूर्ण झालेल्या मुलांसाठी स्वतंत्र तपासणी विभाग सुरू झाला. मूल रोगमुक्त झाल्यानंतरही त्याची वर्षानुवर्षे तपासणी करीत राहणे, हेच त्याचे काम आहे.

"आता बरे आहे, पुन्हा मुंबईला कशाला जायचे? मजुरी बुडते," असा विचार खानदेशातील गरीब कुटुंबाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु ज्या अल्लाहने शिफा दिली, त्यानेच या देहाला अमानत ठरविले आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी उपचार घेण्याचा आदेश दिला आहे, आणि पुढील तपासणी हा त्याच उपचाराचा भाग आहे. रेल्वे कर्करुग्णांना आणि त्यांच्या सोबत्याला ठराविक काळाने होणाऱ्या तपासणीच्या प्रवासासाठीही सवलत देते. त्यासाठी रुग्णालयाचे प्रमाणपत्र मागून घ्यावे. मुलाला कोणती औषधे किती प्रमाणात दिली, किरणोपचार कोठे दिले, याचा लेखी गोषवाराही डॉक्टरांकडून घेऊन तो जपून ठेवावा. वीस वर्षांनंतर जळगावचा एखादा डॉक्टर त्याच्या हृदयाची तपासणी करील, तेव्हा तो कागद त्याला मार्ग दाखवील.

सबर म्हणजे गप्प बसणे नव्हे

आपल्याकडे पुष्कळदा सांगितले जाते, "अल्लाहची मर्जी होती, सबर करा." हे वचन खरे आहे, पण त्याचा अर्थ अपुरा घेतला जातो. दिव्य कुरआनात सूरह यूसुफमध्ये माननीय याकूब (अ.) यांचा वृत्तान्त आहे. पुत्राच्या विरहाने त्यांच्या डोळ्यांची ज्योती गेली, तरीही त्यांनी आपले दुःख केवळ अल्लाहसमोर मांडले. हा त्यांचा सबर होता. त्याच सबरने त्यांना मुलांना असेही सांगावयास लावले की, जा, यूसुफचा व त्याच्या भावाचा शोध घ्या आणि अल्लाहच्या कृपेपासून निराश होऊ नका. रडणे, दुआ करणे आणि शोध घेणे या तिन्ही गोष्टी एका पैगंबराच्या सबरमध्ये सामावलेल्या आहेत.

त्याहूनही स्पष्ट उदाहरण माननीय अब्दुल्लाह बिन उम्मे मक्तूम (रजि.) यांचे आहे. हे अंध सहाबी होते. सूरह अबसची सुरुवात त्यांच्याच प्रसंगाने होते, हे आपण जाणता. दुसरा प्रसंग सूरह निसाच्या ९५ व्या आयतीचा आहे. अल्लाहच्या मार्गात बाहेर पडणारे आणि घरी बसून राहणारे समान नाहीत, असा आदेश अवतरला व लिहून घेतला जात होता. तेव्हा या अंध सहाबींनी आपली अडचण प्रेषितांसमोर मांडली की, मला शक्य असते तर मीही निघालो असतो. त्यांना कोणी गप्प केले नाही, त्यांच्या ईमानावर कोणी शंका घेतली नाही. त्याच वेळी वह्य आली आणि ज्यांना शारीरिक अडचण आहे, त्यांना वगळणारे शब्द त्या आयतीत जोडले गेले.

वाचकहो, या घटनेवर थांबून विचार करा. एका दिव्यांग माणसाने स्वतःसाठी शब्द काढला आणि अर्शावरून त्याची दखल घेतली गेली. मग आपल्या मुलासाठी मुख्याध्यापकांसमोर शब्द काढण्यास आपण का संकोचावे?

सोय करणे ही सुन्नत आहे

बुखारी शरीफमध्ये माननीय इतबान बिन मालिक (रजि.) यांची हकिकत आली आहे. ते आपल्या कबिल्याचे इमाम होते आणि त्यांची दृष्टी कमजोर झाली होती. पाऊस पडला की वाटेतील ओहोळाला पूर येई व त्यांना मशिदीत पोहोचता येत नसे. त्यांनी प्रेषितांना विनंती केली की, आपण माझ्या घरी येऊन एका जागी नमाज अदा करावी, म्हणजे मी तीच जागा नमाजसाठी ठरवीन. प्रेषित (स.) दुसऱ्याच दिवशी माननीय अबू बकर (रजि.) यांना सोबत घेऊन गेले आणि बसण्यापूर्वीच त्यांनी विचारले, तुमच्या घरातील कोणत्या जागी मी नमाज पढावी, असे तुम्हाला वाटते?

या प्रश्नात मोठा धडा आहे. जागा प्रेषितांनी ठरविली नाही; ज्याची अडचण होती, त्यालाच विचारले. वर्गात कोठे बसलास तर तुला ऐकू येते, कोणत्या बाजूने चालताना तुला दिसत नाही, हे मुलालाच विचारले पाहिजे. सहीह मुस्लिममध्ये एका मनोदुर्बल स्त्रीचा प्रसंग आहे. तिने प्रेषितांना रस्त्यात थांबविले, तेव्हा तू म्हणशील त्या गल्लीत मी येतो, असे सांगून तिचे काम पूर्ण होईपर्यंत ते तिच्यासोबत उभे राहिले. ज्याचे म्हणणे कोणी ऐकत नाही, त्याच्यासोबत उभे राहणे म्हणजे काय, हे यावरून समजते.

इबादतीतही शरीअतने सोय ठेवली आहे. उभे राहता येत नसेल तर बसून, बसताही येत नसेल तर कुशीवर पडून नमाज अदा करावी, असे प्रेषितांनी माननीय इमरान बिन हुसैन (रजि.) यांना सांगितले. ज्याचा पाय घोट्याच्या वरून कापला गेला आहे, त्याच्यावर वुजूमध्ये तो धुण्याची जबाबदारी उरत नाही, असे फिकहचे जाणकार सांगतात. म्हणून अशा मुलाला मकतबमधून व नमाजमधून वगळू नका. त्याला त्याची पद्धत शिकवा. रोजाबाबत मात्र डॉक्टर व आलिम या दोघांचा सल्ला घ्यावा.

घराच्या चार भिंतींत

पहिली गोष्ट : दोष देऊ नका. हा आजार स्पर्शाने पसरत नाही, तो कोणाच्या नजरेने येत नाही आणि लहान मुलाच्या आजाराला आईच्या एखाद्या चुकीची शिक्षा म्हणणे हा अल्लाहच्या न्यायावर आरोप आहे. सुनेला टोमणे मारणाऱ्या घराने हे ध्यानात ठेवावे.

दुसरी गोष्ट : लपवू नका. डोळ्याच्या पडद्याचा रेटिनोब्लास्टोमा हा कर्करोग बहुधा पाच वर्षांखालील मुलांना होतो. बाहुलीत पांढरी चमक दिसणे, ही त्याची प्रमुख खूण होय. त्याचा एक प्रकार आनुवंशिक असतो. म्हणून अशा मुलाच्या लहान भावंडांचे डोळे तपासून घेणे आवश्यक आहे. "पुढे लग्नाला अडचण येईल" या भीतीने तपासणी टाळली, तर दुसऱ्या मुलाची दृष्टी किंवा प्राणही गमवावा लागू शकतो.

तिसरी गोष्ट : भावंडांचा हक्क. उपचारांच्या काळात थोरली मुलगी दादीकडे राहिलेली असते, धाकट्याचे शाळेचे वर्ष वाया गेलेले असते. प्रेषितांनी माननीय नोमान बिन बशीर (रजि.) यांच्या पित्याला मुलांमध्ये न्याय करण्याची ताकीद दिली होती. आजारी मुलाला अधिक वेळ लागतो, हे मान्य. परंतु बाकीच्यांच्या वाट्याला केवळ समजूतदारपणा येऊ नये.

चौथी गोष्ट : मुलाला "बिचारा" म्हणू नका. माननीय अता बिन अबी रबाह (रह.) हे मक्केचे थोर ताबई. त्यांचा एक डोळा अधू होता, ते लंगडत चालत, पुढे पूर्ण अंध झाले. तरीही मक्केत फतव्यासाठी लोक त्यांच्याकडेच धाव घेत. त्यांना ज्ञानाच्या वर्तुळात बसू दिले गेले, म्हणून हे घडले.

कायद्याने दिलेला हक्क

आपल्या देशात दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ लागू आहे. त्यात २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांचा समावेश आहे. ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षे वयापर्यंत जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. परीक्षेत जादा वेळ, लेखनिक, दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट, शाळेच्या इमारतीत सुलभ प्रवेश, यांचीही तरतूद आहे. शासकीय व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव आहेत. त्यासाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून, सरकारी रुग्णालयात तपासणी करवून प्रमाणपत्र व ओळखपत्र घ्यावे लागते.

येथे एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. एक डोळा गेला आणि दुसरा निरोगी असेल, तर साधारणतः ३० टक्के दिव्यांगत्व धरले जाते. अशा मुलाला राखीव जागा मिळत नाहीत. परंतु भेदभावापासून संरक्षण आणि वाजवी सोयीचा हक्क टक्केवारीवर अवलंबून नाही. रावेरच्या किंवा शिरपूरच्या शाळेने "प्रमाणपत्र ४० टक्क्यांचे नाही, म्हणून पुढच्या बाकावर बसविणार नाही" असे म्हटले, तर ते कायद्याला धरून नाही. अशा वेळी नम्रतेने, पण लेखी अर्ज द्यावा, त्याची पोच घ्यावी, गटसाधन केंद्रातील विशेष शिक्षकांना भेटावे. तेवढ्याने न भागल्यास पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे दाद मागावी.

हे काम एकट्याने करणे कठीण आहे. इंडियन कॅन्सर सोसायटीच्या छत्राखाली 'उगम' हा गट याच कारणाने उभा राहिला. बालपणी कर्करोगातून वाचलेले तरुणच तेथे नव्या मुलांना धीर देतात. आपल्या जळगावात यजुर्वेंद्र महाजन यांच्या दीपस्तंभ फाउंडेशनचा 'मनोबल' प्रकल्प दिव्यांग तरुणांना उच्च शिक्षण व स्पर्धा परीक्षांसाठी घडवीत आहे. मूल मोठे झाल्यावर काय, या चिंतेचे एक उत्तर घरापासून फार दूर नाही.

मोहल्ल्याची जबाबदारी

मशीद कमिटीने वुजूखान्यात एक उंच बैठक व धरायला दांडा लावावा, पायऱ्यांशेजारी उतार बांधावा. शाळेत अर्ज देताना मोहल्ल्यातील एखाद्या शिकलेल्या तरुणाने सोबत जावे. तपासणीच्या दिवसांत घरी राहिलेल्या मुलांना शेजाऱ्यांनी जेवू घालावे. गरजू कुटुंबाचे प्रवासभाडे त्याला हात पसरावा न लागता पोहोचवावे. उपचारांच्या वेळी आपण जो उत्साह दाखविला, त्याचा चौथा हिस्साही दरवर्षी टिकला तरी ते घर उभे राहील.

वाचकहो, शुक्र केवळ जिभेने अदा होत नाही. ज्या लेकराचे प्राण अल्लाहने आपल्या दुआंनंतर परत दिले, त्याच्या हक्कासाठी न थकता उभे राहणे हा त्या नेमतीचा शुक्र आहे.

अल्लाह अशा सर्व मुलांना आरोग्य व सन्मान देवो, त्यांच्या आई-वडिलांना बळ देवो आणि आपल्याला त्यांच्यासोबत उभे राहण्याची तौफीक देवो. आमीन.

घरातील चर्चेसाठी

१. माननीय इतबान (रजि.) यांना प्रेषितांनी विचारलेल्या प्रश्नातून आपण काय शिकतो?

२. माननीय याकूब (अ.) यांच्या सबरमध्ये कोणत्या तीन गोष्टी होत्या?

३. आपल्या मशिदीत व शाळेत दिव्यांग मुलासाठी कोणती एक सोय या महिन्यात करता येईल? ती कोण करील?