कयाधूकाठचे नर्सी

मुलांनो, नकाशात मोठी नगरे ठळक ठिपक्यांनी दाखविलेली असतात. लहान गावांच्या वाट्याला पुष्कळदा ठिपकाही येत नाही. परंतु गावाची थोरवी ठिपक्याच्या आकारावरून ठरत नाही. हिंगोली तालुक्यातील नर्सी हे गाव याची साक्ष देते.

नर्सी कयाधू नदीच्या तीरी वसले आहे. ही नदी वाशीम जिल्ह्यात उगम पावते आणि हिंगोली जिल्ह्यातून वाहत जाऊन पैनगंगेस मिळते. पैनगंगेचे पाणी वर्धा व प्राणहिता या नद्यांतून गोदावरीस जाते. म्हणजे नर्सीच्या शिवारात पडलेला पाऊस अखेर बंगालच्या उपसागरास पोचतो. येथील माती काळी व ओल धरून ठेवणारी आहे. तीत ज्वारी, कापूस, तूर, सोयाबीन आणि हळद ही पिके येतात. परंतु मातीखालील कठीण काळा खडक पाणी फारसे मुरू देत नाही. त्यामुळे पावसाळ्यात दुथडी भरून वाहणारी नदी उन्हाळ्यात क्षीण होते.

या गावाला लोक ‘नर्सी नामदेव’ म्हणतात. दामाशेटी व गोणाई या शिंपी दांपत्याच्या पोटी १२७० साली संत नामदेव येथे जन्मास आले, अशी परंपरा आहे. पुढे नामदेवांनी भक्तीचा संदेश पंजाबपर्यंत नेला. त्यांची ६१ पदे शिखांच्या ‘गुरू ग्रंथसाहिब’ या पवित्र ग्रंथात समाविष्ट आहेत. आषाढीस पंढरीला गेलेले अनेक वारकरी आषाढ वद्य एकादशीस नर्सीला येतात. या यात्रेस ‘परतवारी’ म्हणतात.

हा प्रदेश पूर्वी निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १७ सप्टेंबर १९४८ रोजी तो मुक्त झाला, १९५६ साली मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्राचा भाग बनला. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा निर्माण झाला.

नामदेवांच्या जन्मस्थानाविषयी अभ्यासकांत मात्र मतभेद आहेत. काही जण पंढरपूरचे नाव घेतात. त्या काळी गावातील घडामोडी कोणी नोंदवून ठेविल्या असत्या, तर हा वाद उरता ना!

चेकोस्लोव्हाकिया या युरोपीय देशाने १९२० साली कायदा करून गावोगावी स्मरणवही ठेवण्यास सांगितले. त्या देशाचे १९९३ साली दोन देश झाले. तरी चेक प्रजासत्ताकातील लहान खेड्यांतही ही वही आज लिहिली जाते. पाऊस किती झाला, पीक कसे आले, शाळा केव्हा बांधली, हे सारे तीत सापडते.

आपल्या गावाची अशी वही कोण लिहील? आजी-आजोबांच्या आठवणी त्यांच्याबरोबरच लोपतात. म्हणून आजच त्यांच्यापाशी बसा, विचारा आणि लिहून ठेवा. ऐकीव गोष्ट ‘ऐकीव’ म्हणून लिहा, पाहिलेली ‘पाहिलेली’ म्हणून. खऱ्या इतिहासाचा आरंभ येथूनच होतो.

स्वाध्याय
१. कयाधू उन्हाळ्यात क्षीण का होते?
२. ‘परतवारी’ म्हणजे काय?
३. आपल्या गावातील नदी, जुनी वास्तू व यात्रा यांची माहिती वडीलधाऱ्यांना विचारून दहा ओळी लिहा.