बालदारिद्र्य आणि थेट अर्थसाहाय्य : शहपुऱ्याच्या संदर्भात

कुटुंबाच्या गरिबीची झळ सर्वाधिक बसते ती घरातील बालकांना. कुपोषण, शाळागळती आणि बालविवाह ही तिची तीन ठळक रूपे होत. कुटुंबाला थेट रोख साहाय्य देऊन ही साखळी तोडण्याचा प्रयत्न मेक्सिकोने १९९७ मध्ये, तर ब्राझीलने २००३ मध्ये मोठ्या प्रमाणावर केला. मध्य प्रदेशात २००७ मध्ये सुरू झालेली ‘लाडली लक्ष्मी’ योजना याच विचारातून आलेली आहे.

जबलपूर जिल्ह्यातील शहपुरा हा नर्मदा खोऱ्यातील विकासखंड हिरव्या वाटाण्यासाठी प्रसिद्ध आहे. वाटाण्याची तोडणी हिवाळ्यात होते. हंगाम सरला की शेतमजुराच्या हातचे कामही आटते. मुलांची भूक मात्र बारमाही असते. म्हणूनच मदत किती मिळते याइतकेच ती केव्हा मिळते, हेही महत्त्वाचे ठरते.

योजनेचे स्वरूप

‘लाडली लक्ष्मी’त पात्र मुलीला सहावीत २,०००, नववीत ४,००० आणि अकरावी व बारावीत प्रत्येकी ६,००० रुपये मिळतात. २०२२ च्या सुधारणेनुसार उच्च शिक्षणासाठी २५,००० रुपये मिळतात. वयाच्या २१ व्या वर्षी एक लाख रुपये देय होतात. त्यासाठी बारावीच्या परीक्षेस बसणे आणि १८ वर्षांपूर्वी विवाह न होणे आवश्यक आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार, राज्यात २० ते २४ वयोगटातील १८ वर्षांपूर्वी विवाह झालेल्या स्त्रियांचे प्रमाण २०१५-१६ मधील ३२.४ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये २३.१ टक्क्यांवर आले. या घटीचे श्रेय एकाच योजनेला देता येणार नाही. तथापि दिशा आश्वासक आहे.

उणिवा

जन्मापासून सहावीपर्यंतच्या सुमारे अकरा वर्षांत या योजनेतून रोख रक्कम हाती पडत नाही. वस्तुतः शारीरिक वाढीचा पाया याच काळात घातला जातो. त्याच पाहणीत पाच वर्षांखालील ३५.७ टक्के बालकांची उंची वयाच्या मानाने कमी आढळली. ही पोकळी अंगणवाडीचा पोषक आहार, प्रधानमंत्री मातृवंदना योजना आणि ‘लाडली बहना’ काही अंशी भरून काढतात. ‘लाडली बहना’चा पहिला हप्ता १० जून २०२३ रोजी जबलपूर येथेच वितरित झाला. दरमहा १,००० रुपयांचे ते साहाय्य नोव्हेंबर २०२५ मध्ये १,५०० रुपयांवर गेले. परंतु २१ वर्षांखालील माता तिच्या कक्षेबाहेर राहते. आणि तान्हे मूल अनेकदा याच मातेच्या कडेवर असते. दोन अपत्यांच्या अटीमुळे तिसरी मुलगीही सामान्यतः ‘लाडली लक्ष्मी’पासून वंचित राहते. जन्मक्रम ठरविणे काही तिच्या हाती नव्हते.

पुढील दिशा

साहाय्याचा काही भाग बालकाच्या पहिल्या पाच वर्षांकडे वळविणे, रकमांची महागाईशी सांगड घालणे आणि वयाने लहान मातांचा समावेश करणे, हे तीन बदल विचारात घेण्याजोगे आहेत. मुलगी एकविसाव्या वर्षी लखपती व्हावी, ही आकांक्षा स्तुत्यच. मात्र पाचव्या वर्षी तिचे पोट भरलेले असणे, ही त्या आकांक्षेची पहिली अट आहे.