चार इंजेक्टर, चार आकडे

गाडीची ताकद वाढवायची म्हटली की गप्पा टर्बो, इंटरकूलर आणि एक्झॉस्टभोवती रंगतात. इंजेक्टरचा विषय ‘किती सीसीचे टाकलेस?’ एवढ्या एका प्रश्नात आटोपतो. माझ्या गाडीचा एक सिलिंडर गेला तेव्हा मला हा विषय मुळापासून समजून घ्यावा लागला. तेव्हापासून ओळखीतलं कोणीही नवे इंजेक्टर घ्यायला निघालं, की मी आधी त्याला बसवून घेतो आणि हे सगळं सांगतो.

माझी गाडी जुनी ऑक्टाव्हिया, 1.8 टर्बो पेट्रोल. या इंजिनात पेट्रोल इनटेक पोर्टमध्ये, व्हॉल्व्हच्या मागे फवारलं जातं, त्यामुळे इंजेक्टर बदलणं तसं सोपं. मोठ्या टर्बोला मूळचे इंजेक्टर पुरणार नव्हते, म्हणून मिनिटाला 440 सीसी देणारा ‘मॅच्ड सेट’ मागवला. पाकीट सीलबंद, त्यावर नामांकित कंपनीचा छाप, सोबत फ्लोचा छापील कागद. ट्यूनिंग जाणत्या माणसाने केलं. फुल बूस्टला वाइडबँड सेन्सरवर हवा-पेट्रोलचं प्रमाण 11.8 दिसत होतं. टर्बो इंजिनाला हवं तितकं रिच. गाडी कित्येक महिने सुरेख चालली. मग साताऱ्याकडे जाताना खंबाटकीच्या चढावर नॉकिंगचा खडखडाट झाला, पाठोपाठ मिसिंग सुरू झालं आणि मागे निळा धूर.

प्लग काढून ओळीने ठेवले. पहिला, दुसरा आणि चौथा फिकट तपकिरी, म्हणजे ठणठणीत. तिसऱ्याची चिनीमाती मात्र पांढरीफटक, आणि भिंग धरल्यावर तिच्यावर बारीक चकचकीत ठिपके दिसले. ते पिस्टनचं वितळलेलं ॲल्युमिनियम होतं. इंजिन खोललं तेव्हा त्या पिस्टनच्या दोन रिंगांमधली कड तुटलेली निघाली.

सेन्सर 11.8 दाखवत होता, मग एकटा तिसरा लीन कसा चालला? याचं उत्तर भोसरीच्या एका पंप-नोझलवाल्याकडे मिळालं. त्यांच्याकडे पेट्रोल इंजेक्टरचा टेस्ट बेंचही आहे: वर रेल, खाली मापाच्या खुणा असलेल्या काचेच्या नळ्या. 3 बार प्रेशरवर चारही इंजेक्टर 15 सेकंद सलग उघडे ठेवले. नळ्यांत 110, 109, 100 आणि 111 मिली भरलं. मिस्त्रींनी तिसऱ्या नळीवर बोट ठेवलं. “दादा, सेन्सरकडे चौघांचा धूर एकत्र जातो. तो सरासरी सांगणार. जळतो तो एकटा.”

हिशेब करून पाहा. चारही सिलिंडरांना हवा सारखीच मिळते असं धरलं, तर सरासरी 11.8 असताना बाकीचे तिघे 11.5 च्या आसपास चालत होते आणि तिसरा 12.7 ला. फुल बूस्ट, चढ, उन्हाळा आणि तेव्हाचं साधं 91 ऑक्टेनचं पेट्रोल. अशा वेळी तेवढा फरक नॉकिंगला पुरेसा असतो. ट्यूनरचा मॅप बरोबर होता, सेन्सरही बरोबर होता. माल खोटा होता.

मल्टिमीटरवर चारही इंजेक्टरांचा रेझिस्टन्स जवळपास सारखाच, 12 ओहमच्या वर. मीटर कॉइल शाबूत आहे एवढंच सांगतो, पेट्रोल किती येतं ते सांगत नाही. आणि तो फ्लोचा कागद? त्यावर चारही इंजेक्टरांपुढे 440, 440, 440, 440 असं छापलं होतं. खरोखर मोजलेले चार इंजेक्टर असे तंतोतंत सारखे भरत नाहीत, एक-दोन सीसी इकडेतिकडे होतातच. चार सारखे आकडे दिसले, तर ते बेंचवर न मोजता कॉम्प्युटरवर टाइप केलेत असं मी समजतो. प्रत्येक इंजेक्टरवर त्याचा नंबर हवा, आणि त्या नंबरापुढे त्याचा स्वतःचा आकडा हवा. संपूर्ण सेटमधला फरक दोन टक्क्यांच्या आत असेल तरच तो सेट माझ्या इंजिनात जातो.

मापाकडे वळू. टर्बो इंजिनाला फुल लोडवर दर अश्वशक्तीमागे ताशी साधारण पाव किलोहून थोडं जास्त, 270 ग्रॅमच्या आसपास पेट्रोल लागतं. इंजिनापाशी 220 अश्वशक्ती हवी असेल तर ताशी 60 किलो, म्हणजे जवळपास 80 लिटर. मिनिटाला साधारण 1350 सीसी, प्रत्येक इंजेक्टरच्या वाट्याला 340. इंजेक्टर 80 टक्क्यांहून जास्त वेळ उघडा ठेवायचा नाही, म्हणून 420 च्या पुढचं माप. त्यात आता पंपावर ई-20 मिळतं. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणजे तेवढ्याच हवेसाठी इंधन सात-आठ टक्के जास्त द्यावं लागतं. आकडा 450 वर गेला. जुन्या पेट्रोलवर बेताबेताने पुरणारे इंजेक्टर आज अपुरे पडतात ते यामुळे, आणि ही गोष्ट जुन्या गाड्यांचे शौकीन अजून पुरेशी मनावर घेत नाहीत.

जाहिरातीतला सीसीचा आकडा किती प्रेशरवर मोजलाय हे विचाराच. 3 बारला 440 देणारा इंजेक्टर 4 बारला 508 देतो. तोच इंजेक्टर दोन नावांनी विकता येतो आणि विकला जातोही.

‘मग सरळ हजार सीसीचे टाकतो, पुढे उपयोगी पडतील’ असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. करंट मिळाला तरी इंजेक्टर लगेच उघडत नाही, उघडायला साधारण एक मिलिसेकंद घेतो. यालाच डेड टाइम म्हणतात. बॅटरीचा व्होल्टेज उतरला की तो वाढतो. आयडलला इंजेक्टर दर वेळी जेमतेम दोन-तीन मिलिसेकंदच उघडायचा असतो. इंजेक्टर जितका मोठा तितका हा वेळ आणखी आखूड होतो आणि त्यातला निम्मा डेड टाइममध्येच जातो. मग आयडल डुलतं, सिग्नलवर गाडी बंद पडते, एसी लावला की हेडलाइटसोबत इंजिनही दबतं. म्हणून वेगवेगळ्या व्होल्टेजला डेड टाइम किती, याचा तक्ता ज्या इंजेक्टरसोबत मिळत नाही तो घेऊ नये. तो तक्ता ईसीयूमध्ये भरल्याशिवाय ट्यूनर अंदाजानेच काम करत असतो. मूळच्या इंजेक्टरचं भोक ड्रिलने मोठं करून विकलेला माल तर हातातसुद्धा धरू नका. त्याचा फवारा फुटत नाही, पिचकारीसारखी धार येते.

आणखी एक पाहायचं: जुन्या रेसिंग सेटमध्ये दोन-तीन ओहमचे इंजेक्टर असतात. ते आजच्या साध्या ईसीयूला जोडले तर त्याचे ड्रायव्हर जळतात. कनेक्टर, लांबी आणि ओ-रिंगचं माप पैसे देण्याआधी जुळवून घ्या.

बेंचवर गेलात की नुसती सलग धार मोजून समाधान मानू नका. गाडी बहुतेक वेळ अर्ध्या रेसवर चालते, तेव्हा अडीच-तीन मिलिसेकंदांचे छोटे पल्स देऊन हजार-दोन हजार वेळा उघडझाप करायला सांगा आणि पुन्हा नळ्या पाहा. सलग धारेत सारखे वाटणारे इथे उघडे पडतात. माझ्या सेटमधला चौथा, जो सलग धारेत सगळ्यांत जास्त भरला होता, तो छोट्या पल्सला सगळ्यांत मागे राहिला. त्यानंतर इंजेक्टर बंद ठेवून प्रेशर धरून ठेवा आणि टोकाकडे बघत राहा. मिनिटाभरात थेंब जमला तर तो इंजेक्टर बाद. असा थेंब रात्रभर गळत राहतो, सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन टाकतो आणि गरम इंजिन सुरू होताना त्रास देतो.

हे काम घरी, रेल वर उचलून, बाटल्यांमध्ये पेट्रोल उडवून करणारे हौशी मी पाहिलेत. कृपा करून असं करू नका. फवारलेलं पेट्रोल हवेत मिसळलं की स्विचची एक ठिणगी पुरते. बेंचवर टेस्टिंगसाठी वेगळं द्रव वापरतात, ते उगाच नाही.

इंजेक्टर बसवताना ओ-रिंग नव्या, त्यांना तेलाचा हलका हात. बूस्ट वाढवण्याआधी पूर्ण लोडवर रेलचं प्रेशर टिकतं का ते पाहा. पंपच थकलेला असेल तर मोठा इंजेक्टर काय करणार? आणि ट्यूनिंग झाल्यावर सेन्सरच्या आकड्यावर न थांबता चारही प्लग काढून शेजारी शेजारी ठेवा. रंग सारखा यायला हवा.

हे सगळं पोर्ट इंजेक्शनच्या गाड्यांसाठी. टीएसआयसारख्या डायरेक्ट इंजेक्शनमध्ये प्रेशर शंभर बारच्या पुढे असतं, ते इंजेक्टर या साध्या बेंचवर तपासता येत नाहीत. शिवाय रस्त्यावरच्या गाडीत असे बदल करण्याआधी मोटार वाहन कायद्याचं कलम 52 वाचा आणि विम्याच्या अटी पाहा.

कागदाशिवाय आलेला सेट आत्ता तुमच्या गाडीत बसवलेला असेल, तर ट्रॅकवर जाण्याआधी तो काढून बेंचवर लावा. आकडे हातात येईपर्यंत बूस्टवर पाय देऊ नका.