नातीचा मायनर विषय

प्रश्न : माझी नात कॅलिफोर्नियात जन्मली आणि तिथल्याच सरकारी विद्यापीठात कॉम्प्युटर सायन्स शिकते. आता तिला ‘एथनिक स्टडीज’ हा मायनर विषय घ्यायचाय. तिचे बाबा म्हणतात, नोकरीला उपयोग नाही. मला तर विषयच नीट कळलेला नाही. यात काय शिकवतात? आणि आपल्या मुलीनं दुसऱ्यांचा इतिहास कशाला शिकायचा?
– एक आजी, सांगली

उत्तर : आजी, मायनर म्हणजे मुख्य विषयाच्या जोडीला घेतलेला दुसरा, छोटा विषय. नव्या शैक्षणिक धोरणामुळे हा शब्द आता आपल्या कॉलेजांतही रुळतोय. अमेरिकेत पदवीसाठी साधारण १२० युनिट लागतात. मायनरला बहुतेक ठिकाणी त्यातली १५ ते २४, म्हणजे पाच ते आठ कोर्स. नात कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीत असेल, तर यातला तीन युनिटांचा एक कोर्स तिला तसाही करावाच लागतो. २०२० च्या कायद्यानं तो सक्तीचा झालाय.

एथनिक स्टडीजमध्ये प्रामुख्यानं चार समाजांचा इतिहास, साहित्य आणि संस्कृती शिकवतात : आफ्रिकी-अमेरिकी, तिथले मूळ रहिवासी, लॅटिनो आणि आशियाई-अमेरिकी. हा विषय कुणा कुलगुरूंच्या डोक्यातून निघालेला नाही. तो विद्यार्थ्यांनी झगडून मिळवलाय. ६ नोव्हेंबर १९६८ ला सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजात संप सुरू झाला. काळ्यांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर पक्षाचे जॉर्ज मरी तिथे इंग्रजी शिकवत; त्यांना निलंबित केल्यावर ठिणगी पडली. काळे, लॅटिनो, आशियाई विद्यार्थी एकत्र आले. आमच्या लोकांचा इतिहास अभ्यासक्रमात कुठे आहे, हा त्यांचा सवाल होता. पोलिसांच्या लाठ्या पडल्या, शेकडोंना अटक झाली, तरी संप मार्च १९६९ पर्यंत टिकला. त्याच वर्षी तिथे एथनिक स्टडीजचं देशातलं पहिलं महाविद्यालय उभं राहिलं, आणि बर्कलीतही संपानंतर स्वतंत्र विभाग सुरू झाला.

पँथर हे नाव आपल्याला परकं नाही. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर स्थापन झाली, ती याच ब्लॅक पँथरपासून प्रेरणा घेऊन. त्याच्याही जवळजवळ शंभर वर्षं आधी, १८७३ मध्ये, जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केलं ते गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकी लोकांना. दूरच्या माणसाचं दुःख समजून घेतलं की घरातला अन्याय स्पष्ट दिसतो, हे महाराष्ट्राला तेव्हापासून ठाऊक आहे.

आता ‘दुसऱ्यांचा इतिहास’ म्हणालात त्याबद्दल. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीत एंजल आयलंड नावाचं बेट आहे. १९१० ते १९४० या काळात आशियातून बोटीनं येणाऱ्यांना तिथल्या लाकडी बराकींत डांबून ठेवत. चिनी लोकांना प्रवेशबंदी करणारा कायदा १८८२ पासूनच होता. चौकशीत विचारत : तुमच्या गावातल्या घराला खिडक्या किती? पायऱ्या किती? शेजारी कोण राहतं? बापाचं आणि मुलाचं उत्तर जुळलं नाही, की परत पाठवणी. आठवडे, कधी महिने वाट बघणाऱ्यांनी भिंतींवर चिनी लिपीत कविता कोरल्या. अधिकाऱ्यांनी त्या लांबी भरून, वर रंग मारून बुजवल्या. १९७० मध्ये इमारत पाडायची वेळ आली, तेव्हा एका वनरक्षकाला विजेरीच्या उजेडात रंगाखालची अक्षरं दिसली आणि भिंती वाचल्या. आपल्या देशातून गेलेलेही याच बेटावर अडवले गेले होते.

भगतसिंग थिंड हे पंजाबातले. पहिल्या महायुद्धात ते अमेरिकेच्या सैन्यात होते. १९२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, हा माणूस ‘गोरा’ नाही, म्हणून त्याला नागरिकत्व मिळणार नाही. त्या निकालावर बोट ठेवून इतर अनेक भारतीयांचं नागरिकत्व काढून घेतलं गेलं. १९४६ मध्ये दार किलकिलं झालं, वर्षाला शंभर भारतीयांपुरतं. ते खऱ्या अर्थानं उघडलं १९६५ च्या कायद्यानं, आणि त्यामागे काळ्या समाजाच्या नागरी हक्कांच्या लढ्याचा रेटा होता. त्यानंतरच मराठी इंजिनिअर आणि डॉक्टर मोठ्या संख्येनं तिकडे जाऊ शकले. म्हणजे नातीच्या जन्मगावाची गोष्ट त्या ‘दुसऱ्यांच्या’ इतिहासातूनच सुरू होते. त्या कायद्याच्या खूप आधीही तळेगाव ढमढेरेचे विष्णू गणेश पिंगळे अमेरिकेत शिकायला गेले आणि भारताच्या स्वातंत्र्यासाठीच्या गदर चळवळीत शिरले. १९१५ मध्ये लाहोरला ते फासावर गेले. अशी नावं ती याच विषयात वाचू शकेल.

या विषयाला विरोधही होतो. यानं समाजात फूट पडते, असा आक्षेप आहे. ॲरिझोना राज्यानं २०१० मध्ये कायदा करून टूसान शहराच्या शाळांतला मेक्सिकन-अमेरिकन अभ्यासक्रम बंद पाडला. २०१७ मध्ये संघीय न्यायालयानं ती बंदी वांशिक आकसातून आल्याचं सांगून घटनाबाह्य ठरवली. मला वाटतं, खरं सांगितल्यानं फूट पडत नाही, दडवल्यानं पडते.

नोकरीचं म्हणाल, तर ती कॉम्प्युटरच्याच पदवीवर मिळेल. मायनरमुळे पगार वाढेल असं मी सांगणार नाही. पण उद्या ती ज्या लोकांसाठी आणि ज्यांच्यासोबत काम करील, ते कुठून आले हे तिला माहीत असेल. तिच्या बाबांना एवढंच सुचवा, की कोर्सचं वेळापत्रक विद्यापीठातल्या सल्लागाराकडून तपासून घ्या. एखादं सत्र वाढत नाही ना, बघा. ते जुळत असेल, तर तिला खुशाल घेऊ द्या.

आणि एक काम तुमच्याकडे. या विषयात मौखिक इतिहासाला मोठा मान आहे. विद्यार्थी घरातल्या वडीलधाऱ्यांच्या मुलाखती घेतात. मुलगा परदेशी गेला त्या दिवसापासूनची पत्रं, फोटो, तिकिटं एका पेटीत नीट लावून ठेवा. नातीचा फोन आला की सगळं सविस्तर सांगा, आणि तिला ते रेकॉर्ड करू द्या.