दारापुढच्या खारवट मातीत ऑफिस टाइम

ताईंनो, भंडारदरा धरण १९२६ साली पूर्ण झालं. प्रवरेच्या कालव्यांनी आपल्या श्रीरामपूर भागात ऊस आणला आणि काही शिवारांत पांढरं मीठही वर आणलं. पाणी जास्त आणि निचरा कमी असला की पाणी उन्हाने उडून जातं, क्षार मागे राहतात. काहींच्या दारापुढेही तीच गत आहे. गुलाब लावला की पानं करपतात. मग काय लावायचं?

कोकणात समुद्राच्या वाळूवर मर्यादावेल पसरते, खारं वारं सोसते. आपल्याकडे तशी जमिनीलगत पसरणारी, सोपी वनस्पती म्हणजे ऑफिस टाइम, म्हणजे चिनी गुलाब. आपण जी घोळीची भाजी खातो, तिच्याच कुळातली ही. पानं मांसल, त्यात पाणी साठतं, म्हणून चार दिवस विसरलात तरी तग धरते. थोडा खारटपणाही चालतो. पण साचलेलं पाणी अजिबात नाही! चोपण जमिनीत पाणी मुरत नाही, म्हणून वीतभर उंच वाफा करा, त्यात वाळू आणि थोडं जुनं शेणखत मिसळा. शेणखत जास्त झालं तर पाला माजतो, फुलं कमी.

तीन-चार इंचांची काडी घ्या, खालची पानं काढा, दिवसभर सावलीत सुकू द्या, मग सहा इंचांवर खोचा. ऊन भरपूर हवं. फूल उन्हातच उमलतं. काड्या लांबल्या की निम्म्या छाटा. त्याच पुन्हा लावता येतात.

भांड्यांचं साबणाचं पाणी इथे ओतू नका. साबणातल्या सोडियमने माती आणखी चोपण होते. तांदूळ, भाजी धुतलेलं पाणी चालेल. आणि शेळी-कोंबडीपासून जपा, सगळं फस्त करतात.

रोपं विकायची असतील तर आधी जुन्या डब्यांना भोकं पाडून सुरुवात करा. पिशव्या, माती, बाजाराचं गाडीभाडं वहीत लिहा. यासाठी गटातून कर्ज घेऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. काडी फुकट मिळते आणि पावसाळ्यात रोपं सडू शकतात. शेताचंच दुखणं असेल तर मात्र माती परीक्षण आधी. राहुरीचं कृषी विद्यापीठ आणि बाभळेश्वरचं कृषी विज्ञान केंद्र जवळच आहे.

पुढच्या मासिक बैठकीला, ज्यांच्या दारात हे फूल आहे त्यांनी मूठभर काड्या आणा. कागदात गुंडाळून हं, प्लॅस्टिकच्या पिशवीत घुसमटून सडतात.