आधी पाणी, मग विस्तव

बाळा, बंबाच्या बुडाची डाख सुटली, आता सोलर बसवतोस म्हणालास. जरूर बसव. पण खांब गावच्या या कौलारू घरात मी पन्नासच्या वर पावसाळे काढलेत, म्हणून चार गोष्टी कानात घालतो.

टाकीच्या आधी पाइप बघ. न्हाणीतल्या जुन्या जीआय लाइनचा वीतभर तुकडा कापून उजेडात धर. आत गंजाची खपली धरून करंगळीएवढीच वाट उरली असेल. मग टाकी कितीही भारी आण, धार तेवढीच येणार. गरम पाण्याला सीपीव्हीसीच घाल. साधा पीव्हीसी नरम पडून वाकतो. पाइपावर फोमचं वेष्टण हवं, नाहीतर पहिली बादली गारच भरते.

कौलांवर टाकी चढवू नकोस. १०० लिटरची टाकी म्हणजे नुसतं पाणीच १०० किलो. आपले वासे ते पेलणार नाहीत. न्हाणीच्या स्लॅबवर बसव, काचनळ्यांचं तोंड दक्षिणेला, फणसाची सावली टाळून. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात पत्रे कसे उडाले ते तू पाहिलंस, तेव्हा स्टँडचे पाय बोल्टने पक्के आवळून घे. गार पाण्याची टाकी सोलरच्या टाकीपेक्षा उंच ठेव. पंप नाही, पाणी आपल्या वजनानेच उतरायचं आहे.

माझे वडील बंब पेटवताना रोज म्हणायचे, ‘आधी पाणी, मग विस्तव.’ रिकामा बंब पेटला की डाख वितळते. सोलरलाही तेच लागू. भर उन्हात तापलेल्या कोरड्या नळ्यांत गार पाणी सोडलंस तर काच तडकते. पहिल्यांदा भरायचं ते सकाळी ऊन चढायच्या आत.

जून ते सप्टेंबर आपल्याकडे ऊन कुठलं? तेव्हा गिझर लागेल. १०० लिटर पाणी २५ वरून ६० अंशांवर न्यायला साधारण ४ युनिट वीज जाते. त्याला १६ अँपियरचा वेगळा पॉइंट दे आणि अर्थिंग तपासून घे. जुन्या वायरिंगवर भरवसा ठेवू नकोस. इथेही नळाला धार आल्याशिवाय बटण दाबायचं नाही.

आणि बंब मोडीत घालू नकोस. डाख लावून आण, पडवीत ठेव. पावसात वीज गेली की करवंट्या आणि सोडणांवर घरादाराची आंघोळ होते. फक्त बंद न्हाणीत तो कधी पेटवू नकोस. कोंडलेल्या विस्तवाचा वायू दिसत नाही, वासही येत नाही, आणि माणूस बसल्या जागी जातो.